बारा जानेवारीची पिशवी

कट्टा, ता. मालवण
२४ जानेवारी

चि. स्वप्ना हीस अनेक आशीर्वाद.

फोन कानाला लावला की मला नुसता वारा ऐकू येतो, म्हणून हे पत्र. जितेंद्र रिक्षावाला उद्या भाडं घेऊन मालवणला येणार आहे, त्याच्याजवळ देतो. उत्तरही त्याच्याजवळच दे. पोस्टमनपेक्षा तो बरा, पत्र देताना "गुरुजी, वायच च्या हुयी" म्हणत चहा मागतो तेवढंच.

परवा तुझ्या इस्पितळात मला पहिल्यांदा रक्त चढवलं. तू काचेपलीकडे होतीस, तोंडावर मास्क. एकदा हात हलवलास तो मी पाहिला. चौथीत फळ्यासमोर उभी राहून थरथरणारी स्वप्ना ती हीच का, असा विचार मनात आला. तू माझ्या आनंदीच्या भावाची नात. ती असती तर त्या काचेला हात लावून उभी राहिली असती.

बाळ, अठ्ठ्याहत्तर वर्षांत बरंच काही पाहिलं असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हाडांतली रक्ताची गिरणी मंदावलीय. आता दर चार आठवड्यांनी बाहेरून पुरवठा." मला वाटलं, इंजेक्शनसारखं काही असेल. पण आधी काय झालं? डॉक्टर एका बाजूला, किशोरी सिस्टर दुसऱ्या बाजूला. एकाने पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसरीने कागदावरचा. मग गट. मग माझं नाव, "भिकाजी सावळाराम गावकर". चाळीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस मी. तोंडातून निघून गेलं, "हजर!" सिस्टर खो खो हसली. पण पहिली पंधरा मिनिटं ती माझ्या मनगटावरचं बोट काढून उठली नाही. म्हणाली, "काय बिघडायचं तर ह्याच पंधरा मिनिटांत बिघडतं."

मग थेंब पडू लागले. मी लघु-गुरू मोजत पडलो. सिस्टरने मध्येच चाक फिरवून लय बदलली तेव्हा मी जवळजवळ रागावलोच. चरण चुकला ना! आठवतं, आपल्या शाळेत कविता कशी म्हणायचो? पहिल्या बाकाने ओळ सोडली की दुसऱ्याने उचलायची, मध्ये श्वासाएवढीसुद्धा फट पडता कामा नये. तसं काहीतरी माझ्या दंडात चाललं होतं. कुणाच्या तरी छातीने सोडलेली ओळ माझी छाती उचलत होती.

संध्याकाळी घरी आलो. अंगणाच्या अकरा पायऱ्या न थांबता चढलो. विमलाने माझा हात धरून उजेडात नेला आणि ओरडली, "दादा, नखां तांबडी झाली रे तुझी!"

आता मुद्द्याचं. पिशवीवर नाव नव्हतं, पण तारीख होती, बारा जानेवारी. ती मी डायरीत उतरवून घेतली. आणि चौदाच्या पेपरात बातमी आहे, बारा जानेवारीला युवक दिनानिमित्त कसालला रक्तदान शिबिर. सोबत एका मुलाचा फोटो. दंडाला पट्टी, हातात बिस्किटांचा पुडा, आणि हसणं असं की जणू पुडाच मोठं बक्षीस. खाली नाव, विराज. मी तो फोटो कापून डायरीत ठेवलाय. मी ठरवून टाकलंय की हाच तो. तू फक्त हो म्हण.

तुझा,
भिकाआजोबा

*

मालवण
२८ जानेवारी

ती. आजोबांस सा. न.

पत्र वाचून किशोरी सिस्टरलाही दाखवलं. ती म्हणते, पुढच्या वेळी लय बदलताना तुमची परवानगी घेईन.

आजोबा, मी हो म्हणणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही. आमच्याकडे पिशवी जिल्ह्याच्या रक्तपेढीतून थंड पेटीतून येते. आमच्या फ्रिजमध्ये राहते. तिच्यावर नंबर असतो, माणूस नसतो. तो कोण हे घेणाऱ्याला सांगायचं नाही आणि कुणाला दिलं हे देणाऱ्याला सांगायचं नाही, असा नियम आहे. मला तो नियम आवडतो. शिबिरात एकट्या कसालला साठ-सत्तर जण असतील. त्या दिवशी जिल्ह्यात आणखीही शिबिरं होती.

तुम्हाला काचेपलीकडचं सांगते. तुमचा गट बी. तुम्हाला बी चालतं, अडल्यावेळी ओ. ए मात्र कधीच नाही. थोडंसं गेलं तरी तुमचं रक्त त्याच्यावर तुटून पडेल. पण गट जुळला म्हणूनही मी पिशवी देत नाही. तुमच्या रक्तातलं पाणी आणि त्या पिशवीतल्या लाल पेशी एका नळीत एकत्र करते आणि वाट बघते. आवडले नाहीत एकमेकांना, तर पेशी गुठळ्या करून बसतात, भांडण झालेल्या वाडीसारख्या. आवडले, तर सगळं नितळ, सारखं लाल. नऊ वर्षं मी हे रोज बघते आणि अजून प्रत्येक वेळी नळी उजेडात धरताना माझा श्वास अडकतो. दोन माणसं, एकमेकांना न बघितलेली, आणि त्यांचं पटतं.

फोटो ठेवा. पण तोच असं धरून बसू नका.

सतरा फेब्रुवारीला सकाळी दहाला या. त्याच्या पुढे ढकलू नका, तुमचं हिमोग्लोबिन तोवर सहाच्या खाली जाईल.

तुमची,
स्वप्ना

*

कट्टा
१४ फेब्रुवारी

चि. स्वप्ना,

आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तो गेला. विराज. अकरा तारखेला कसालजवळ हायवेवर मोटरसायकल घसरली. काल पेपरात आलं. चोवीस वर्षं. फोटो तोच छापलाय, फक्त बिस्किटांचा पुडा कापून टाकलाय.

मी काल आंघोळ करून घरात आलो आणि देवाला हात लावला नाही. दाढी करणार नाही. एकवीस तारखेपर्यंत सुतक. म्हणून सतराला मी येणार नाही, हे कळवायला हे पत्र.

विमला तोंडाला तोंड देते. "दादा, तुका खूळ लागला काय? त्या झिलाच्या घरच्यांका तुझा नावसुद्धा ठावक नाय, आनि तू सुतक धरतंस?" मी म्हटलं, बाई, सातव्या पिढीतला कुणी मुंबईत वारला तर आपण दहा दिवस बसतो. त्याच्या रक्ताचा माझ्यात किती अंश असतो? आणि ह्याचं तर मी पिशवीभर घेतलंय.

आबा भटजींनाही विचारलं. ते बिचारे पंचांग उलटंसुलटं करून म्हणाले, "गुरुजी, सात पिढ्यांचा सुतक माका ठावक आसा. पिशवीचा पोथीत खंय नाय." मग मीच शास्त्र लावलं. सुतकात दान द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. तुम्ही जे मला देता त्याला काय म्हणतात? रक्तदानच ना? मग ते मी सुतकात कसं घेऊ?

तू घाबरू नकोस. थोडा दम लागतो. काल पायऱ्यांवर चार वेळा बसलो. बसल्या जागेवरून काजूचा मोहोर दिसतो. शाळेत शिकवताना मी मुलांना सांगायचो, कविता पाठ झाली की ती तुमची झाली, कवीचं काय व्हायचं ते होवो. आता वाटतं, केवढं निष्ठुर बोलत होतो मी.

भिकाआजोबा

*

मालवण
१५ फेब्रुवारी, दुपार

आजोबा,

जितेंद्र बाहेर रिक्षा चालू ठेवून उभा आहे म्हणून भराभर लिहिते.

विमलाआजीने फोन केला होता. कालपासून तुम्ही जेवताना ताटावर डुलक्या घेता म्हणे. ओठ पांढरे झालेत. हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. सहाच्या खाली गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं हृदय आधी धावतं आणि मग थकतं. एकवीसपर्यंत ते तग धरेलच असं मी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

तुमच्या शास्त्राशी भांडायला मला येत नाही. तो मुलगा तुमचा होता की नव्हता हे आजही सांगणार नाही. पण तुम्ही म्हणता तसं धरून चालू. तो होता. तर मग एक ऐका, हे माझ्या शास्त्रातलं आहे.

रक्तातली लाल पेशी साधारण एकशे वीस दिवस जगते. ज्याच्या अंगात असेल त्याच्या अंगात. दिलेल्या दिवशी ज्या जुन्या होत्या त्या लवकर संपतात, ज्या त्याच दिवशी नव्या जन्मल्या होत्या त्या शेवटपर्यंत टिकतात. बारा जानेवारीपासून मी आत्ता बोटांवर मोजलं. बारा मे. म्हणजे तो मुलगा अकरा तारखेला रस्त्यावर गेला, पण त्याने जे दिलं ते गेलेलं नाही. ते फिरतंय. श्वास घेतलात की प्राणवायू उचलतं आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतं. त्या मुलाचं जिवंत असं ह्या जगात आता तेवढंच उरलंय.

आणि तुम्ही त्याच्यासाठी सुतक धरून बसलात? सुतक पुरत्या गेलेल्याचं धरतात ना? तुम्ही पायरीवर बसून राहिलात आणि तुमचं हृदय थांबलं, तर त्याचं उरलेलंही तुमच्याबरोबर जाईल.

उद्याच या. सतराची वाट बघू नका. ताज्या रक्तावर उद्या पुन्हा बघेनच, पण तुमच्या मागच्या नमुन्यावर नळी उजेडात धरून बघितली. पटलंय.

स्वप्ना

*

कट्टा
१९ फेब्रुवारी

चि. स्वप्ना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने, विमला ऐकत होती. तिने उठून दाढीचं सामान आणून ठेवलं. सोळाला सकाळी जितेंद्र दारात. मी म्हटलं, अजून मनात थोडं आहे रे. तो म्हणाला, "मागच्या शीटवर बसा गुरुजी, सुतक मांडयेर घेवा. माका इटाळ नाय."

पुढचं तुला ठाऊकच आहे. काचेपलीकडून तू डोळे पुसत होतीस, ते मी पाहिलं. मला दिसतं, ऐकू येत नाही एवढंच.

तेव्हापासून मी जपून चालतो. शेणावर घसरू नये, खोकला होऊ नये, उपाशी राहू नये. घरात पाहुणा असल्यासारखं. मनगटावर बोट ठेवून बसतो आणि थक्क होतो. ह्याला माझी नाडी म्हणायचं का?

मी त्याच्या आईला भेटायला जातोय. तिला कुणी सांगितलं असेल का, की सगळं गेलेलं नाही?

आजोबा

*

मालवण
२१ फेब्रुवारी

आजोबा,

जाऊ नका. मी पाया पडते.

ते पत्र मी घाबरून लिहिलं होतं. तुम्ही यावं म्हणून 'धरून चालू' असं लिहिलं होतं. तो मुलगा तुमचा होता असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही त्या बाईला सांगाल आणि ते खरं नसेल तर? तिच्या हातात तुम्ही काय ठेवाल?

पेशी एकशे वीस दिवस जगते, एवढंच माझं खरं आहे. बाकी तुमचं आहे.

स्वप्ना

*

कट्टा
८ मार्च

चि. स्वप्ना,

तुझं पत्र मिळालं होतं. तरी गेलो. तुला राग येईल, पण पूर्ण वाच.

कसालच्या बाजारात उतरून जितेंद्रने वाट विचारली. काजूच्या बागेतून वर घर. आईचं नाव यशोदा, पंचेचाळीसच्या आसपास. सुपात बिया निवडत होती. मी कोण ते सांगितलं, मास्तर, कट्ट्याचा, आजारी माणूस. तिने पाणी दिलं, गूळ दिला. मी सगळं बोललो. शिबिर, तारीख, पिशवी, तुझे एकशे वीस दिवस. बोलत गेलो तशी ती सूप खाली ठेवून उभी राहिली. मग सरळ पुढे आली आणि माझं मनगट धरलं. किशोरी सिस्टर धरते तसं नव्हे. तापलेल्या पोराचं धरतात तसं.

"हयसर, ह्या हातात आसा तो?"

मी काही बोलायच्या आतच ती आत गेली आणि त्याचं पाकीट घेऊन आली. पोलिसांनी परत केलेलं. त्यातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "ह्या बघा. शिबिरात दिलेल्यान. दोनदा माका दाखवल्यान, आये, बघ म्हणान."

कार्डावर तारीख होती, बारा जानेवारी. नाव होतं. आणि गट होता, ए.

बाळ, माझा चष्मा मी दोनदा पुसला. ए कधीच नाही, हे तूच लिहिलं होतंस. तो मुलगा माझ्यात कधी आलाच नव्हता. ज्याचं सुतक धरलं, ज्याला जपत चाललो, ज्याच्यासाठी शेण चुकवत होतो, तो दुसराच कुणी. आणि त्याची आई माझं मनगट धरून उभी.

तिला पुन्हा विचारायचं होतं. "माका सांगा गुरुजी. आसा मा?"

चाळीस वर्षांत मी मुलांना एक शिकवलं, येत नसेल तर येत नाही म्हणावं, वाटेल ते ठोकून देऊ नये. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाय, ह्यां माझ्यात नाय. माझो गट येगळो. माझी चूक झाली. पन त्येचा रगात कोणाक तरी दिलेला आसतला. तो माणूस आज खंय तरी चलता हा. तेवढा खरा."

तिने हात सोडला. मला वाटलं, आता घरातून हाकलेल, आणि हाकललं असतं तर योग्यच होतं. ती बागेकडे तोंड करून पायरीवर बसली. जितेंद्र रिक्षात बसल्याजागी टोपी काढून हातात धरून होता. तिथे काजूंच्या मुळाशी गळलेली फळं पडली होती, त्यांचा तो आंबूस वास. मग ती म्हणाली, "खंय तरी म्हणजे लांब?"

"ठावक नाय. मालवणात आसात, सावंतवाडीक आसात."

"बापयो काय बायल?"

"ठावक नाय."

"चलता पन?"

"चलता."

तिने ते मोजलं. तुझ्यासारखंच, बोटांवर. "बारा मे," म्हणाली. आणि मग जो प्रश्न मला सुचला नव्हता आणि तुलाही सुचला नव्हता तो तिने विचारला. "मगे? बारा मेच्या मगे काय?"

"ह्यां माका येत नाय, बाय," मी म्हटलं.

तिने सूप उचललं. दोन बिया निवडल्या. मान वर न करता विचारलं, "माझा घेतत काय?"

शाळेत एखादा मुलगा ओळ विसरून मध्येच थांबायचा, तेव्हा वर्गाचा श्वास अडकायचा. आणि मागच्या बाकावरून, जिच्याकडून कुणाची अपेक्षा नाही अशी एखादी मुलगी, पुढची ओळ उचलायची. मी तिथे तसाच बसून होतो, वर्गासारखा.

आता तू सांग. घेतात ना?

आजोबा

*

मालवण
१२ मे

ती. आजोबांस सा. न.

मार्चमध्ये तुम्हाला 'घेतात' एवढंच एका ओळीत लिहिलं होतं. आज सगळं लिहिते.

पहिल्यांदा त्या एप्रिलमध्ये आल्या. मी बोटाला टोचलं, हिमोग्लोबिन दहा. साडेबारा लागतं. घेता येत नाही म्हटल्यावर त्यांनी परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखं तोंड केलं. "कमी कसा? माझोच झील ना तो?" मी गोळ्या दिल्या, नाचणी, तांबडी भाजी, खजूर सांगितला. चार आठवड्यांनी परत आल्या, बारा. पुन्हा परत पाठवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून सोडून देतील त्या.

मे महिना आमच्याकडे सगळ्यात वाईट. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, फ्रिजच्या दोन फळ्या रिकाम्या. आज जिल्ह्याची गाडी इथे शिबिराला आली आणि सकाळी आठला, अजून खुर्च्याही मांडल्या नव्हत्या, तेव्हा यशोदाबाई दारात उभ्या. जितेंद्रने आणलं. भाडं घेतलं नाही म्हणे, फक्त वायच च्या.

टोचलं. बारा पूर्णांक सात.

त्या झोपल्या. सुई गेली तेव्हा छताकडे बघत होत्या. पिशवी भरत आली तसं त्यांनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, "ह्यां आता खंय जातला?" मी म्हटलं, सांगायचा नियम नाही. त्या म्हणाल्या, "नको सांगाक. चलांदे."

उठल्यावर मी त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. आजोबा, तुम्ही डायरीतून दाखवलेल्या फोटोतल्यासारखं. अगदी तेच हसणं.

त्यांचा गट मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लगेच डायरीत लिहाल.

तुमची तारीख सोळा. सकाळी दहाला या. फळीवर एक पिशवी ठेवते, नळी उजेडात धरून बघेन. आणि नाव वाचलं की 'हजर' जरा मोठ्याने म्हणा. काचेपलीकडे ऐकू येत नाही.

तुमची,
स्वप्ना